दारू, घर आणि प्रेक्षक : एक मूकपट व एक मराठी नाटक



या घटकात आपण दोन कलाकृती शेजारी शेजारी ठेवून वाचणार आहोत. पहिली म्हणजे १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये तयार झालेला ‘अ ड्रंकर्ड्स रिफॉर्मेशन’ हा सुमारे पाव तासाचा मूकपट. त्याच्या नावाचा अर्थ ‘एका दारुड्याची सुधारणा’ असा सांगता येईल. दुसरी कलाकृती राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक. दोन्हींचा विषय एकच : दारू पिणारा पुरुष आणि त्याचे घर. दहा वर्षांच्या अंतराने निर्माण झालेल्या या दोन कृतींचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नाही. तरीही त्या एकत्र वाचण्याचे कारण असे की, एका प्रश्नाला दोन्ही कृती नेमकी उलट उत्तरे देतात. दारूच्या दुष्परिणामांचा खेळ पाहून पिणारा माणूस बदलतो काय? मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न ‘साहित्याचे प्रयोजन’ या प्रकरणात भेटतो. चिमूर, ब्रह्मपुरी, सिंदेवाही किंवा वडसा या भागात राहणाऱ्या विद्यार्थ्याला तो नाटकाच्या मंडपातही भेटतो आणि पुष्कळांना घरातही भेटतो.

प्रथम मूकपट पाहू. बायोग्राफ कंपनीसाठी तो डेव्हिड वार्क ग्रिफिथ यांनी दिग्दर्शित केला. छायालेखन बिली बिट्झर यांचे होते. पित्याच्या भूमिकेत आर्थर जॉन्सन, पत्नीच्या भूमिकेत लिंडा आर्विडसन आणि लहान मुलीच्या भूमिकेत अ‍ॅडेल डी गार्ड ही बालनटी. चित्रपट १ एप्रिल १९०९ रोजी प्रदर्शित झाला. एका रिळाच्या, म्हणजे जेमतेम हजार फुटांच्या मर्यादेत कथा संपवायची, हा त्या काळचा दंडक होता.

कथानक दोन-चार वाक्यांत संपते. घरी आई आणि मुलगी वाट पाहत आहेत. बाप दारूच्या गुत्त्यात मित्रांबरोबर पीत बसला आहे. तो उशिरा घरी येतो, आदळआपट करतो, मायलेकी भेदरून जातात. नशा उतरल्यावर मुलीला नाटकाला नेण्याचे तो आढेवेढे घेत कबूल करतो. नाट्यगृहात जे नाटक चालू आहे तेही दारूचेच आहे. त्यातला कामकरी आधी प्याला नाकारतो, मग सोबत्यांच्या आग्रहापुढे नमतो, आणि त्यानंतर त्याचे घर व अखेर तो स्वतः रसातळाला जातो. खुर्चीत बसलेला बाप हे पाहतो. घरी परतल्यावर तो दारू सोडण्याची शपथ घेतो. शेवटच्या दृश्यात तिघे शेकोटीपाशी बसलेले दिसतात. खोलीत उजेड आहे तो जणू केवळ त्या शेकोटीचा.

कथा म्हणून यात नवे काहीच नाही. नवे आहे ते नाट्यगृहातील दृश्याच्या रचनेत, आणि तिथे आपल्याला थोडे रेंगाळले पाहिजे. त्या काळातील बहुतेक चित्रपटांत कॅमेरा रंगमंचासमोर बसलेल्या प्रेक्षकासारखा एका जागी ठेवलेला असे. या चित्रपटात ग्रिफिथ कॅमेऱ्याला दोन जागा देतात. एकदा रंगमंच दिसतो, लगेच पुढच्या चित्रखंडात प्रेक्षागृहातील बाप आणि मुलगी दिसतात, पुन्हा रंगमंच, पुन्हा बाप. चित्रपटाचा मोठा भाग या येरझाऱ्यांनी व्यापला आहे. मंचावरचा कामकरी प्याला हातात घेतो, त्यानंतर बापाचा चेहरा. मंचावरची पत्नी रडते, त्यानंतर बापाचा चेहरा. प्रारंभी तो सैलावून बसलेला असतो. पुढे त्याला खुर्चीत बसवत नाही. तो अस्वस्थ होतो, मुलीकडे पाहतो, तिला जवळ ओढतो. त्याच्या मनात काय चालले आहे हे सांगणारा एकही शब्द उच्चारला जात नाही, तरी ते आपल्याला कळते. दोन चित्रे एकापुढे एक ठेवली की प्रेक्षक त्यांच्यामधला अर्थ स्वतः भरतो, या संकलनाच्या मूलतत्त्वाचे इतके स्पष्ट उदाहरण त्याआधीच्या चित्रपटांत क्वचितच सापडेल. कादंबरीकाराला ज्यासाठी ‘त्याच्या मनात आले की...’ असे वाक्य लिहावे लागते, ते काम येथे केवळ क्रमाने साधले आहे.

यात एक गंमतही आहे. पडद्यावरचा बाप नाटक पाहतो आहे आणि त्याला आपण पाहतो आहोत. म्हणजे प्रेक्षागृहातील प्रत्येक प्रेक्षकासमोर त्याचाच एक प्रतिनिधी बसवला आहे. पाहणे म्हणजे सुधारणे, असा चित्रपटाचा दावा आहे आणि तो दावा करण्याची त्याला गरजही होती. २४ डिसेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या महापौरांनी शहरातील सर्व स्वस्त चित्रपटगृहांचे परवाने रद्द केले होते. ही अंधारी ठिकाणे कामगारांना आणि मुलांना बिघडवतात, असा आरोप होता. परवाने न्यायालयामार्फत परत मिळाले, पण धंद्यातील लोकांना धडा मिळाला होता. चित्रपट माणसाला गुत्त्याकडे नेत नाही, उलट गुत्त्यातून घरी आणतो, हे दाखवणारी कथा त्यानंतर काही महिन्यांतच यावी हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. नीतिबोधाच्या कलाकृतीमागे अनेकदा असा व्यवहारही असतो. त्यामुळे ती खोटी ठरत नाही, मात्र वाचकाने तो व्यवहार ध्यानात ठेवावा.

दारूविषयक कथांची ही परंपरा युरोप-अमेरिकेत बरीच जुनी होती. जॉर्ज क्रुकशँक या इंग्रज चित्रकाराने १८४७ मध्ये ‘द बॉटल’ ही आठ चित्रांची मालिका काढली. पहिल्या चित्रात सुखी घरात प्रथमच बाटली येते आणि नवरा बायकोला थोडीशी घेण्याचा आग्रह करतो. शेवटी तो बायकोचा खून करून वेड्यांच्या इस्पितळात पोहोचतो. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांची ‘लासोम्वार’ ही पॅरिसच्या कामगारवस्तीवरची कादंबरी १८७७ मध्ये ग्रंथरूपाने आली. १८७९ मध्ये तिचे नाट्यरूप पॅरिसमध्ये रंगमंचावर आले आणि त्याच वर्षी इंग्रजीत ‘ड्रिंक’ या नावाने लंडनमध्येही. ग्रिफिथच्या बापाने पाहिलेले नाटक याच कथेवर बेतलेले आहे. फ्रान्समध्ये फर्दिनां झेका यांनी १९०२ मध्येच त्याच कथेच्या आधारे पाच दृश्यांचा मूकपट केला होता. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. झोला दारिद्र्य, श्रम, अपघात आणि कोंदट वस्ती यांच्या गुंत्यातून दारूकडे पाहतात. त्यांच्या कादंबरीतील कूपो हा छपरावरून पडून जायबंदी होतो, कामावाचून घरी बसतो आणि मग पिऊ लागतो. लहान मूकपटांत हा गुंता गळून पडतो. तिथे दारू हा चांगल्या घरात बाहेरून शिरलेला शत्रू ठरतो.

आता ‘एकच प्याला’कडे वळू. या नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला केला. तो पाहायला नाटककार हयात नव्हता. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे निधन पावले होते. चिमूरहून नागपूरमार्गे अर्ध्या दिवसात गाठता येईल असे हे गाव. मराठीतील सर्वांत गाजलेल्या शोकांतिकेचा कर्ता आपल्या विदर्भात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेला, हे येथील विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते, सुधाकराची भूमिका गणपतराव बोडस यांनी केली. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली.

सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. न्यायालयात झालेल्या वादातून काही काळासाठी त्याची सनद जाते. अपमानाने तो पोळलेला असताना तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो. विसर पडण्यासाठी फक्त एकच. शीर्षकाचा उपरोध येथे आहे. गडकऱ्यांच्या दृष्टीने ‘एकच’ ही संख्या दारूच्या बाबतीत अस्तित्वातच नसते. पुढे प्रतिष्ठा जाते, पैसा जातो, मित्र रामलाल आणि सिंधूचा भाऊ पद्माकर यांचे प्रयत्न वाया जातात. श्रीमंत माहेरची मदत नाकारून सिंधू दळण दळू लागते. अखेर नशेत सुधाकराच्या हातून स्वतःचे तान्हे मूल मरते आणि सिंधू प्राणांतिक जखमी होते. मरता मरता ती नवऱ्याला वाचवण्यासाठी फौजदारापुढे खोटी जबानी देते. सुधाकर शेवटच्या प्याल्यात विष घालून पितो.

ग्रिफिथच्या मूकपटाशी तुलना करायची तर नाटकातील मधला टप्पा काळजीपूर्वक वाचला पाहिजे. सुधाकरालाही एकदा पश्चात्ताप होतो. तो दारू सोडण्याचा निश्चय करतो. मूकपट जिथे संपतो तो हाच क्षण : शपथ, शेकोटी, शांत घर. गडकरी तिथे थांबत नाहीत. ते सुधाकराला दुसऱ्या दिवशी बाहेर पाठवतात. तो काम मागायला जातो आणि ज्यांच्या बरोबरीने तो कधी बसला होता तेच लोक त्याला झिडकारतात. दारुड्या म्हणून गेलेली पत दारू सोडल्याने परत येत नाही. ज्या अपमानाने पहिला प्याला हाती दिला, तोच अपमान पुन्हा समोर उभा राहतो आणि सुधाकर पुन्हा पितो. मला हा नाटकातील सर्वांत खरा भाग वाटतो. व्यसन सुटण्याचा क्षण आणि व्यसनमुक्त आयुष्य या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, दुसरी गोष्ट एकट्या माणसाच्या निश्चयावर उभी राहत नाही, हे आज व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील कार्यकर्ते सांगतात. १९१९ च्या रंगभूमीवर ते दाखवले गेले होते. तरीही गडकऱ्यांनी सर्व दारे बंद केलेली नाहीत. याच नाटकातील भगीरथ दारूतून बाहेर येतो. त्याला रामलालसारखा आधार आणि करण्याजोगे काम मिळते. सुधाकर आणि भगीरथ यांच्यातील हा फरक परीक्षेच्या उत्तरांत सहसा कुणी लिहीत नाही. तुम्ही तो जरूर लिहावा.

दुसरा मुद्दा भाषेचा. मूकपटातील पत्नी बोलत नाही, कारण त्या माध्यमाला आवाजच नाही. तिचा नवराही तेवढाच मुका आहे. नाटकात मात्र सर्वांना आवाज आहे आणि गडकऱ्यांच्या लेखणीने तो मुक्तहस्ते दिला आहे. सुधाकराची लांब स्वगते अलंकारांनी ओथंबलेली आहेत. तळीराम आर्यमदिरामंडळाच्या बैठकांत दारूचे तत्त्वज्ञान सांगून प्रेक्षागृह हसवत ठेवतो. नाटकातील सर्वांत चुरचुरीत वाक्ये दारूचा निषेध करणाऱ्यांच्या नव्हे, तर दारूची भलामण करणाऱ्याच्या वाट्याला आली आहेत. या शब्दांच्या पुरात सिंधू सोसते आणि गाते, पण स्वतःसाठी काही मागत नाही. तिचे अखेरचे महत्त्वाचे बोलणे म्हणजे एक खोटी जबानी. म्हणजे मूकपटातील स्त्रीचे मौन माध्यमाचे आहे, सिंधूचे मौन तिने स्वीकारलेल्या पातिव्रत्याच्या आदर्शाचे आहे. तिच्याशेजारी गडकऱ्यांनी तळीरामाची बायको गीता उभी केली आहे. ती तोंडाळ आहे, नवऱ्याला त्याची जागा दाखवते, आणि प्रेक्षक तिला हसतो. सिंधूसाठी रडणारा आणि गीतेला हसणारा प्रेक्षक नेमके काय शिकून घरी जात असेल? बालगंधर्वांच्या सुरांनी आणि त्या ठिगळाच्या लुगड्याने सोसण्याला जे सौंदर्य दिले, त्यावर हा प्रश्न विचारल्याशिवाय नाटकाचे वाचन पुरे होत नाही.

मराठी मूकपटांकडे या दृष्टीने एक धावती नजर टाकता येईल. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला आणि पुढे काही वर्षे पौराणिक विषयांचाच पगडा राहिला. कुटुंबाच्या विध्वंसाची वास्तववादी कथा पडद्यावर ठळकपणे आणली ती बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ मध्ये, १९२५ साली. तिथे शत्रू दारू नसून कर्ज आहे. शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात गिरणी कामगार होतो. त्या तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. झोलांनी दाखवलेला गुंता मराठी मूकपटात आला तो या वाटेने. दारू हा विषय १९३९ मध्ये ‘ब्रँडीची बाटली’ या आचार्य अत्रे यांच्या बोलपटात आला तेव्हा तो हसवण्यासाठी आला.

आता चिमूरकडे येऊ. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट सुरू झाले की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. दंडार आणि खडी गंमत यांच्या मुळांतून वाढलेल्या या रंगभूमीवर दारूने उद्ध्वस्त झालेले कुटुंब हा नेहमीचा विषय आहे. सिंधू, सुधाकर आणि तळीराम निरनिराळ्या नावांनी तेथे दरवर्षी येतात. तुमच्यापैकी अनेकांनी ते पाहिले असतील, काहींनी त्यांत कामेही केली असतील. मंडपाच्या बाहेर, अंधारात, त्याच रात्री दारू विकली जाते हेही तुम्हाला ठाऊक आहे. ग्रिफिथचा बाप आणि आपला प्रेक्षक यांच्यातील अंतर मोजायला ही एक गोष्ट पुरेशी आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. पाश्चात्त्य मूकपटातील किंवा गडकऱ्यांच्या नाटकातील दारू ही पांढरपेशा किंवा शहरी कामगाराच्या घरातली दारू आहे. आपल्या जंगलभागात मोहाचे झाड हे अन्न आहे, उत्पन्न आहे, आणि गोंड समाजाच्या अनेक विधींत मोहाच्या दारूला मान आहे. पूर्वजांना वाहिलेले चार थेंब आणि रोजची मजुरी गिळणारी बाटली यांना एकाच मापाने मोजणारे नाटक या मातीत अपुरे पडते. मात्र ‘आमची परंपरा आहे’ या वाक्याआड गुत्तेवाले लपतात, हेही तितकेच खरे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजने म्हणत गावोगाव व्यसनांविरुद्ध सांगितले, ते याच लोकांच्या भाषेत आणि त्यांच्याच चावडीवर. त्यांचा जन्म १९०९ चा, म्हणजे आपल्या मूकपटाच्याच वर्षीचा. चिमूरशी त्यांचे नाते १९४२ च्या क्रांतीमुळे सर्वांना परिचित आहे.

सिंधूला खरे उत्तर मिळाले ते रंगभूमीबाहेर. गडचिरोली जिल्ह्यात स्त्रियांच्या आणि ग्रामसभांच्या चळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग त्या चळवळीत अग्रभागी होते. चंद्रपूर जिल्ह्यात ‘श्रमिक एल्गार’ या संघटनेने पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली तीच मागणी लावून धरली. डिसेंबर २०१० मध्ये हिवाळी अधिवेशनाच्या वेळी हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या. या स्त्रियांनी नवऱ्याच्या पश्चात्तापाची वाट पाहिली नाही. त्यांनी दारूचा प्रश्न घरातून उचलून रस्त्यावर आणि तिथून सभागृहात नेला. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. अवैध विक्री आणि बनावट दारू वाढली, असे बंदी उठवण्यामागचे कारण सांगितले गेले. बंदी नीट राबवलीच गेली नाही, असे विरोध करणाऱ्यांचे म्हणणे होते. तुमच्या गावात या सहा वर्षांत काय बदलले आणि २०२१ नंतर काय परतले, याबद्दल तुम्ही स्वतः साक्षीदार आहात.

साहित्याचा विद्यार्थी म्हणून आपल्याला यातून पडणारा प्रश्न मर्यादित आहे, पण सोपा नाही. मोर्चात चालणारी ती स्त्री अजून मराठी नाटकात पुरेशी आलेली नाही. झाडीपट्टीच्या मंचावरसुद्धा शेवटच्या अंकात बहुधा सिंधूच मरते.

स्वाध्याय. येत्या हंगामात तुमच्या परिसरात दारूच्या विषयावरील नाटक लागल्यास ते पाहावे. पहिल्या अंकात मंचाकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या अंकात शक्य तितका वेळ प्रेक्षकांकडे पाहावे : पुरुष कोठे हसतात, स्त्रिया कोठे गप्प होतात, कोण मध्येच उठून बाहेर जाते आणि कोणत्या प्रसंगी परत येते. ग्रिफिथच्या कॅमेऱ्याने केले तेच काम तुमच्या डोळ्यांनी करायचे आहे. कुणाचेही नाव न लिहिता या निरीक्षणांवर दोन पानांचे टिपण तयार करावे आणि संपर्कसत्राच्या वेळी सोबत आणावे.